येत्सेर
(मांडवा येथे मंडळीचे सभासद आणि कार्याचे हितचिंतक यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्यापैकी बरेचजण सकाळी गेटवेहून लाँचने आलात. लाटा जोरात होत्या असं ऐकलं, तेव्हा फार लांबण लावत नाही. एकच हिब्रू शब्द घेऊ. येत्सेर.

हिब्रू आपल्याला फार लांबची भाषा वाटते. या किनाऱ्यावर ती तशी लांबची नाही. इथून अलिबागच्या बाजूला नवगाव आहे. गलबत फुटून आपले पूर्वज तिथं किनाऱ्याला लागले, असं बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या मिशनऱ्यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. पुढं पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. मी डिप्लोमाला असताना हिब्रूत जेमतेम पास झाले होते, त्यामुळे या मंडळींपुढं मी काहीच नाही. पण हा शब्द मला वर्गात कळला नाही, वसतिगृहात कळला.

आमच्या वसतिगृहात एक कातकरी मुलगा होता. अभ्यासात बरा. पण दिवाळीची सुट्टी संपली की परत यायचा नाही. दोन वर्षं असंच झालं. तिसऱ्या वर्षी मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं लिहिलं : 'प्रवृत्ती पळून जाण्याची.' लिहून मोकळी झाले.

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, जलप्रलयाच्या आधी, देव माणसाच्या मनाकडे पाहतो आणि त्याला तिथं सतत वाईटच दिसतं. त्या वचनात आपल्या मराठी बायबलात 'कल्पना' असा शब्द आहे. मूळ शब्द येत्सेर. मनाचा कल, ओढ, मनात घडत असलेली गोष्ट. हा शब्द आला आहे 'घडवणे' या क्रियापदापासून. देवानं मातीचा माणूस घडवला, तिथं हेच क्रियापद आहे. आणि यिर्मया ज्या कुंभाराच्या घरी गेला, त्या कुंभाराला हिब्रूत योत्सेर म्हणतात. म्हणजे प्रवृत्ती आणि कुंभार हे एकाच मातीतले शब्द.

यहूदी गुरूंनी यावर पुष्कळ विचार केला आहे. माणसाला घडवलं तिथं त्या क्रियापदात 'योद' हे अक्षर दोनदा येतं, जनावरांच्या वेळी एकदाच. त्यावरून ते म्हणाले, माणसात दोन येत्सेर आहेत, एक बरा, एक वाईट. आणि वाईट येत्सेर नसता तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदाही केला नसता, असंही तेच म्हणाले. अक्षरावरून इतकं काढणं मला जरा ओढूनताणून वाटतं. पण माणसं त्यांनी ओळखली होती.

मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. प्रलयानंतर देव म्हणतो, माणसाचा येत्सेर बाळपणापासून वाईट आहे. हे तो कोणाबद्दल म्हणतो? तारवातून नुकत्याच उतरलेल्या नोहाच्या घराबद्दलसुद्धा. अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात तर तो स्वतःच्या निवडलेल्या लोकांबद्दलच म्हणतो की यांचा येत्सेर मला ठाऊक आहे. एखाद्या परक्या जमातीकडे बोट दाखवून हा शब्द वापरलेला मला आढळला नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, कातकऱ्यांवरचा शिक्का गेला नाही. गावात सायकल हरवली की आधी वाडीवर चौकशी होते. ज्या लोकांची ओळखच खैराचा कात काढणारे अशी, त्यांच्या हातून जंगल गेलं आणि कोळसाभट्टी, वीटभट्टी आली. मग आपणच म्हणतो, यांना एका जागी राहायची सवय नाही.

त्या मुलाच्या वाडीवर मी गेले तेव्हा ती निम्मी रिकामी होती. म्हातारी आजी म्हणाली, "ताई, पावसात उचल घेतली, ती फेडाया भट्टीवर गेलेत." मी भट्टीवर गेले. आई-बाबा विटा पाडत होते आणि मुलगा दोन धाकट्या भावंडांना सांभाळत होता, एक कडेवर, एक पायाशी. मला पाहून लपला नाही. वह्या कुठं ठेवल्यात ते दाखवलं.

परत येऊन रजिस्टर उघडलं. पेनानं लिहिलेलं होतं, खोडलं तरी दिसतंच. अजून दिसतं.

हाच शब्द आणखी एका ठिकाणी आहे, तो आज आपल्यासाठी जवळचा आहे. मंदिरासाठी लोकांनी मनापासून सोनं-रुपं दिलं, तेव्हा दावीद राजानं प्रार्थना केली की प्रभो, या लोकांच्या मनाचा हा येत्सेर असाच सर्वकाळ राख. १ इतिहास, अध्याय २९. नोहाच्या काळात ज्या शब्दानं माणूस दोषी ठरला, तोच शब्द इथं दानपेटीपाशी उभा आहे. तुम्ही दर तिमाहीला जे पाठवता ते कोणत्या येत्सेरनं पाठवता, हे मी विचारणार नाही. मी स्वतः कोणत्या येत्सेरनं रजिस्टर लिहीत होते, ते सांगितलंच.

आता कामाचं. प्रवेशअर्जात 'मुलाचा स्वभाव व प्रवृत्ती' असा रकाना आहे. तो काढून त्या जागी 'आई-वडील हंगामात कुठं असतात? धाकटी भावंडं कोणापाशी?' असं विचारावं, अशी सूचना मी समितीला दिली आहे. समितीतल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की भावंडांना घ्यायला लागलो तर खाटा पुरायच्या नाहीत. त्यांचं खरं आहे. यंदा त्या मुलाच्या बहिणीला घेतलं, ती मोठ्या मुलींच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून झोपते. सर्वांत धाकटा अजून भट्टीवरच आहे. मुलगा नववीत आहे आणि दिवाळीनंतर परत आला.

जेवणानंतर खाटांचा हिशोब घेऊन बसू. परतीची लाँच चुकणार नाही याची काळजी मी घेते.