चित्रे रंगवणारी चिप आणि पैशांचा हिशेब



ग्राफिक्स प्रोसेसर ही मुळात संगणकाच्या पडद्यावर चित्रे रंगवणारी चिप. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांना तिची ओळख अधिक. हीच चिप आर्थिक जोखमीचा हिशेब कसा करते आणि त्यात अडचणी कोणत्या येतात, हे आज पाहू.

शेअर बाजारात ‘ऑप्शन’ नावाचा करार असतो. ठरावीक मुदतीला ठरावीक भावाने शेअर विकत घेण्याचा हा हक्क. सक्ती मात्र नाही. या हक्काची आजची किंमत किती? साध्या ऑप्शनसाठी ब्लॅक आणि शोल्स यांचे १९७३ सालचे सूत्र आहे. अटी गुंतागुंतीच्या झाल्या की सूत्र अपुरे पडते. मग फेलिम बॉयल यांनी १९७७ मध्ये दाखवल्याप्रमाणे मॉन्टे कार्लो पद्धत वापरतात. भाव कसा हलेल याच्या, समजा, एक लाख काल्पनिक वाटा संगणकाने आखायच्या, प्रत्येक वाटेवर हाती काय पडते ते पाहायचे आणि सरासरी काढून ती आजच्या किमतीत आणायची. वर्षाचे २५० कामकाजाचे दिवस धरले, तर एका करारासाठी अडीच कोटी पावले झाली.

असे हिशेब करणारा ‘क्वांटलिब’ हा आज्ञावलींचा संच फर्दिनांदो अमेत्रानो, लुईजी बाल्लाबियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली सुरू केला. तो मुक्त आहे. कुणीही तो उतरवून घ्यावा, वाचावा, सुधारावा.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि एक जुना प्रश्न ऐरणीवर आला. करारातली समोरची बाजूच बुडाली, तर आपले किती पैसे अडकतील? यासाठी सगळे करार, सगळ्या वाटांवर, पुढच्या अनेक तारखांना मोजावे लागतात. पाच हजार करार, हजार वाटा आणि शंभर तारखा म्हटल्या, तरी पन्नास कोटी वेळा किंमत काढावी लागते. हे उत्तर वेळेत मिळाले नाही, तर धोका कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

येथे ग्राफिक्स प्रोसेसर उपयोगी पडतो. त्याचे काम कवायतीसारखे चालते. एक हुकूम सुटतो आणि हजारो हात एकच कृती करतात. मॉन्टे कार्लोच्या वाटा एकमेकींवर अवलंबून नसल्याने हे काम त्याला मानवते. २००७ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘कूडा’ ही व्यवस्था खुली केली आणि चित्रांचे सोंग न आणता सरळ गणित या चिपकडे सोपवता येऊ लागले.

मग क्वांटलिब तसाच उचलून या चिपवर का ठेवत नाहीत? कारण त्याची रचना कवायतीची नाही, कचेरीची आहे. करार व्याजदराच्या तक्त्याला विचारतो, तक्ता बाजारभावाला विचारतो, भाव बदलला की सगळ्यांना निरोप जातो. माणसाला वाचायला हे सोयीचे. पण कवायतीत निम्मे डावीकडे वळले, तर उरलेल्यांना थांबावे लागते. शिवाय मूळ प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात आकड्यांची ने-आण करण्यातही वेळ जातो. म्हणून काम नव्याने मांडावे लागते. क्वांटलिबवर उभारलेले आणि २०१६ मध्ये खुले झालेले ‘ओपन सोर्स रिस्क इंजिन’ पुढे त्याच वाटेने गेले. गणिताच्या पायऱ्यांचा आराखडा आधी तयार करायचा आणि तो सर्व वाटांसाठी एकदम कार्डाकडे धाडायचा.

वेगाच्या जाहिराती ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम. शंभर मिनिटांच्या कामातली दहा मिनिटे वाटून देता येत नसतील, तर उरलेली नव्वद शून्यावर आणली तरी एकूण वेग दहापटीच्या पुढे जात नाही. दुसरी, मॉन्टे कार्लोतील चूक एक-दशांश करायची तर वाटा शंभरपट लागतात. शंभरपट वेगवान यंत्र उत्तरात जेमतेम एका अंकाची अचूकता वाढवते.

आता उत्तराच्या खरेपणाविषयी. संगणक अपूर्णांक ठरावीक अंकांपर्यंतच धरतो. हलक्या प्रकारात सुमारे सात, मोठ्या प्रकारात पंधरा-सोळा. हजारो हातांनी केलेल्या बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचे अंकही बदलतात. हा फरक निरुपद्रवी आहे की आज्ञावलीतच घोटाळा आहे, हे ठरवायला ताडून पाहण्याजोगे दुसरे उत्तर हवे. मुक्त आज्ञावलीचे मोल येथे कळते. जुनी, संथ, अनेकांनी तपासलेली आवृत्ती शेजारी चालवून नव्या वेगवान आवृत्तीची परीक्षा घेता येते. गृहीतकेही उघडी असतात. अमेरिकेत घरांच्या किमती सगळीकडे एकदम पडणार नाहीत, हे गृहीतक २००८ पूर्वी अनेकांनी धरले होते. ते कितीही वेगाने मोजले असते, तरी खरे ठरले नसते.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी प्रयोग करायचा असेल, तर साध्या ऑप्शनपासून सुरुवात करावी. वेळ नेमका कुठे जातो ते आधी मोजावे, मग तेवढाच भाग कार्डावर न्यावा. सूत्राचे, संथ संगणकाचे आणि कार्डाचे अशी तीन उत्तरे शेजारी मांडावीत. ती जुळल्यावरच वेगाचा आकडा लिहावा.