दणकट माणसाची पहिली बाईक

आज कोडिंग नाही, बाईक.

माझी उंची सहा फूट एक, वजन ११२ किलो. पहिली बाईक बघायला गेलो, तर शोरूमवाला म्हणाला, "सर, तुमच्या पर्सनॅलिटीला मोठीच गाडी शोभेल." मलाही पटलं. टेस्ट राइडला यू-टर्न घेताना गाडी कलली आणि मी आडवा. लोक हसले. गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं. सहा महिने हँडल धरलं नाही.

एक गोष्ट मात्र कळली. आपण कितीही दणकट असलो, तरी कललेली गाडी ताकदीवर सावरत नाही. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, हंटर ३५० चं १८१. नवख्याला हळू वेगात हा १४ किलोंचा फरक जाणवतो.

मग बघायचं काय? एक, मॅन्युअलमधल्या कमाल एकूण वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरतं त्यात तुम्ही, मागे बसणारा आणि बॅग बसली पाहिजे. दोन, बसून बघा: पाय नीट टेकतात का? हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागतं का? तीन, मागच्या शॉकअपचा प्रीलोड वजनाप्रमाणे वाढवून घ्या. टायरमधली हवाही मॅन्युअलप्रमाणेच.

शेवटी मी हलकी ३५० घेतली आणि रोज सकाळी रिकाम्या मैदानात यू-टर्न मारले. आता ऑफिसला तिच्यावरच जातो. वजन अजून ११२ च आहे! तेव्हा "बारीक झालो की घेईन" म्हणत थांबू नका. हेल्मेट घाला, शिका.

भेटू पुढच्या भागात!