मधुमेह आणि वनौषधी : श्रद्धेकडून परीक्षेकडे
(वार्षिक सभेतील भाषण)



'कारल्याचा रस, गुडमारचे चूर्ण घेतले तर गोळ्या बंद करता येतील का?' हा प्रश्न आमचे मधुमेही रुग्ण वारंवार विचारतात. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. मेटफॉर्मिनचा उगमही वनस्पतीपाशीच आहे. युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील द्रव्यांनी रक्तशर्करा उतरते, असे आढळले; परंतु ती विषारी ठरली. त्यांच्याशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि रुग्णांवरील त्याचा उपयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मधली वर्षे परीक्षेची होती.

ही परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या विकरांना अर्क रोखतो का, हे प्रथम परीक्षानळीत पाहतात. त्यानंतर प्राण्यांवर परिणाम व विषारीपणा तपासून, नीतिसमितीच्या संमतीने माणसांवर चाचणी होते. जमीन, ऋतू, वनस्पतीचा भाग, पाण्यातील अर्क की मद्यार्कातील, यांवर गुण बदलतात; म्हणून प्रमाणीकरण अपरिहार्य ठरते. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार वनस्पतिजन्य औषधात किमान चार घटकांचे मोजमाप आवश्यक आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९८ मध्ये विजयसाराच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. हे आशादायक खरे. मात्र ती खुली चाचणी होती. पथ्याने किती आणि औषधाने किती, हे तुलनेच्या गटाविना सांगता येत नाही. कारल्याविषयी २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात चार चाचण्या, ४७९ रुग्ण तपासले गेले. ठोस पुरावा मिळाला नाही.

पुरावा नाही म्हणजे गुण नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन चूर्णाच्या भरवशावर थांबविले, तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतते. उलट, गोळ्यांसोबत न सांगता अर्क घेतल्यास साखर एकाएकी घसरू शकते.

म्हणून आमची कळकळीची विनंती एवढीच : वनौषधी घेत असाल तर मोकळेपणाने सांगा, आम्ही रागावणार नाही. साखर, एचबीएवनसी, मूत्रपिंड व यकृत यांच्या तपासण्या करून घ्या आणि चालू औषध स्वतःहून सोडू नका. परंपरेचा खरा सन्मान तिची कसोशीने परीक्षा घेण्यातच आहे, अशी आमची धारणा आहे.