पडद्यावरचा देव आणि सेवाग्रामची प्रार्थना

गिरगावात 'ख्रिस्ताचे चरित्र' हा मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनीच हे लिहून ठेवले. एका धर्माची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाने दुसऱ्या धर्माच्या गोष्टींना पडद्याची वाट दाखवली, ती अशी.

त्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात मुद्दाम पाहावी. फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी आधी साध्या वेषात समोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते आणि बघता बघता कृष्ण होते. आपलीच लेक देव झाली आहे, हे लपवावे असे त्या बापाला वाटले नाही. प्रेक्षकाची श्रद्धा एवढ्याने ढळणार नाही, हा केवढा विश्वास!

सेवाग्रामच्या बापूंना मात्र फाळक्यांसारखे सिनेमाचे वेड नव्हते. १९४४ मध्ये जुहूला मुक्कामी असताना त्यांनी विजय भट्टांचा 'रामराज्य' पाहिला होता.

वर्ध्याने धर्म समजावला तो पडद्याहून वेगळ्या रीतीने. गोपुरीच्या गीताई मंदिराला छप्पर नाही आणि आत मूर्तीही नाही. विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय तिथे शिळांवर कोरले आहेत. चालावे आणि वाचावे.

आणि सेवाग्रामची सर्वधर्म प्रार्थना! तिच्या आरंभी एक जपानी बौद्ध मंत्र असतो. १९३३ मध्ये जपानी बौद्ध भिक्खू फुजी गुरुजी वर्ध्यात गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्खू हातातला छोटा ढोल वाजवत, मंत्र म्हणत आश्रमात राहिला. जपान महायुद्धात उतरला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. मंत्र मात्र बापूंनी प्रार्थनेत कायम ठेवला.

आज मोबाइलवर धार्मिक लघुपटांना तोटा नाही. बहुतेकांत भारदस्त आवाज, कर्कश संगीत आणि उपदेश. धर्म जगणारे माणूस मात्र कुठे दिसत नाही. त्या भिक्खूच्या गोष्टीत ते माणूस आहे. शत्रुराष्ट्राचा ठरलेला पाहुणा गेला, तरी त्याची प्रार्थना इथल्या माणसांनी आपली मानून म्हटली. सर्वधर्मसमभाव यापेक्षा सोपा करून कसा सांगणार?

वर्ध्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी या गोष्टीवर दहा मिनिटांचा लघुपट करावा, निवेदन इकडच्या बोलीत ठेवावे. चित्रीकरणाला लांब जायला नको: प्रार्थनाभूमी सेवाग्रामला आहे, आणि फुजी गुरुजींच्या पंथाचा विश्वशांती स्तूप गीताई मंदिराच्या शेजारीच आहे.