रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि सांध्यांचे दुखणे
(धार व देवास जिल्ह्यांतील ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धार आणि देवास ही दोन्ही पवारांची जुनी संस्थाने. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली. पण पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या घरांतून मराठी आजही बोलली जाते. म्हणून आज आपल्या भाषेतच, आपल्या घरातील एका नित्याच्या दुखण्याविषयी चार शब्द बोलावेत असे योजिले आहे.

हा मुलूख हातांनी काम करणाऱ्यांचा आहे. सोयाबीनच्या कापणीत विळा धरून मनगट भरून येते. धार जिल्ह्यातील बाघ येथे कापडावर लाकडी ठसे उमटविणारे कारागीर दिवसभर ठसा ठेवतात आणि त्यावर मूठ ठोकतात. देवासच्या कारखान्यांत एकच हालचाल दिवसातून हजारदा करावी लागते. चुलीपुढे भाकरी थापणारे हात आणि फळ्यावर लिहिणारे हातही यातून सुटत नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे, बोट वाकवल्यावर अडकून बसणे, रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होणे, गुडघा धरणे, या तक्रारी चाळिशीनंतर घरोघर ऐकू येतात. आणि त्यांवरचा उपायही घरोघर एकच असतो. दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची आणि घ्यायची.

बहुतेकांना ती एखादे वेळी चालून जाते. परंतु आपल्यामध्ये असा एक वर्ग वाढत आहे की ज्याच्या बाबतीत हीच साधी गोळी जिवावर बेतू शकते. रक्त गोठू नये म्हणून ज्यांना रोज औषध घ्यावे लागते, त्यांचा हा वर्ग होय.

हे औषध कोणाला लागते, ते प्रथम पाहू. लहानपणी घसा येतो, ताप येतो, मग मोठे सांधे एकामागून एक सुजतात आणि काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. घरचे लोक ते विसरून जातात. पण हा संधिज्वर सांध्यांना नुसता स्पर्श करून जातो आणि हृदयाच्या झडपांवर मात्र कायमची खूण ठेवतो. पुढे पंचविशी-तिशीत धाप लागते, झडप अरुंद झाल्याचे कळते आणि कित्येकांना कृत्रिम झडप बसवावी लागते. त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णास बसविण्यात आली. तेव्हापासून अशी झडप आपल्याकडील अनेकांच्या आवाक्यात आली. धातूची झडप बसविलेल्यांस रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. याखेरीज ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ज्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, ज्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, त्यांपैकी पुष्कळांनाही ती द्यावी लागते.

या औषधाची जन्मकथा शेतकऱ्याच्या गोठ्यातील आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे कसल्यातरी अज्ञात रोगाने रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी लागलेला एका जातीचा गोड घास खाण्यात आल्याने असे होते, हे तेथील पशुवैद्यांच्या ध्यानी आले. १९३३ साली विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी मेलेल्या गाईचे न गोठणारे रक्त एका कॅनमध्ये घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. त्यातून सुरू झालेल्या संशोधनातून वॉरफरिन हे द्रव्य निघाले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांच्या उपचारात वापरले जाऊ लागले. आपल्याकडे त्याच जातीचे अ‍ॅसेनोकुमारॉल हे औषध अनेकांना दिले जाते. मात्रा कमी पडली तर गुठळी होते, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. या दोहोंमधील वाट अरुंद आहे. ती मोजण्यासाठी रक्ताची आयएनआर नावाची तपासणी करतात. बहुतेक रुग्णांचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास थोडा अधिक.

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येऊ. देवासचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत, त्यांना झडप बसविली आहे, अशी कल्पना करा. थंडीत त्यांच्या अंगठ्याचे मूळ दुखते. शेजारी म्हणतो, "गुरुजी, ही गोळी घ्या, उद्या हात मोकळा होईल." हात खरोखर मोकळा होतो. म्हणून गुरुजी आठ दिवस गोळी घेतात. नवव्या दिवशी शौचास डांबरासारखे काळे होते, अशक्तपणा येतो, आणि घरची मंडळी ते पित्त समजतात.

असे का घडते? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या दोन ठिकाणी अपाय करतात. त्या जठराच्या आतील संरक्षक थराला दुबळे करतात. शिवाय रक्तातील ज्या सूक्ष्म कणांमुळे जखमेवर पहिले बूच बसते, त्यांनाही त्या निष्क्रिय करतात. एकीकडे गोठण्याचे द्रव्य औषधाने कमी झालेले, दुसरीकडे बूच बसविणारे कणही थंडावलेले आणि तिसरीकडे जठराला जखम, असे तिन्ही एकत्र येते. डेन्मार्कमधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. शिरेत गुठळी झाल्यामुळे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी अशा वेदनाशामक गोळ्याही घेतल्या असता रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. अलीकडे निघालेल्या अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना नेहमीची आयएनआर तपासणी लागत नाही, म्हणून त्यांच्या जोडीला वेदनाशामक चालेल अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. धोका तेथेही तसाच आहे. आणि धातूची झडप असलेल्यांनी या नव्या गोळ्या घेऊच नयेत, हे येथेच सांगून ठेवतो.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. हात दुखतो म्हणून वेदनाशामक घेता यावे यासाठी काही जण रक्त पातळ ठेवणारी गोळीच चार दिवस बंद करतात. झडपेवर गुठळी धरली किंवा ती मेंदूत गेली, तर अंगठ्याच्या दुखण्यापायी अर्धांग लुळे पडण्याची वेळ येते. ही गोळी बंद करण्याचा निर्णय रुग्णाचा नव्हे, शेजाऱ्याचा नव्हे आणि दुकानदाराचाही नव्हे.

मग दुखणे सोसतच राहावयाचे काय? मुळीच नाही. अशा रुग्णासाठी उपाय आहेत. मात्र ते पायरीपायरीने करावयाचे असतात.

पहिली पायरी औषधाविनाची. कोमट पाण्यात हात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ राहील अशी आधारपट्टी झोपताना बांधावी. मनगटातील दबलेल्या मज्जातंतूला याने पुष्कळ आराम पडतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्या सांध्याला आधार देणारा पट्टा वापरावा. विळ्याची किंवा हत्याराची मूठ कापड गुंडाळून जाड करावी, म्हणजे बोटे कमी आवळावी लागतात. काम तासातासाने बदलावे. बोटे हळूहळू उघडण्या-मिटण्याचा व्यायाम रोज करावा.

दुसरी पायरी पॅरासिटामॉलची. वेदनाशामकांमध्ये अशा रुग्णाला त्यातल्या त्यात सुरक्षित ते हेच. ५०० मिलिग्रॅमच्या चारांहून अधिक गोळ्या दिवसाकाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. चार दिवसांहून अधिक काळ रोज घ्यावी लागली, तर आयएनआर वाढू शकतो म्हणून एकदा तपासून घ्यावा. सर्दीपडशाच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे लक्षात ठेवून मोजदाद करावी. दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी विशेष जपावे.

तिसरी पायरी लावण्याच्या मलमांची. वेदनाशामक मलमाचा थोडा अंश रक्तात उतरतो, तो गोळीच्या मानाने फार कमी. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने ते लहान जागेवर काही दिवस लावण्यास हरकत नसते. परंतु विंटरग्रीनच्या तिखट वासाची तेले व बाम यांतील द्रव्य कातडीतून बऱ्याच प्रमाणात आत जाते आणि आयएनआर वाढविते. ती टाळावीत.

चौथी पायरी डॉक्टरांच्या हातची. अडकणारे बोट, अंगठ्याच्या बाजूचे सुजलेले स्नायुबंध, दुखरा गुडघा, यांत सांध्यात किंवा स्नायुबंधाजवळ स्टेरॉइडची सुई देता येते. आयएनआर योग्य मर्यादेत असल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद न करताही ही सुई देता येते आणि रक्तस्राव क्वचितच होतो, असे अनुभवास आले आहे. मनगटातील मज्जातंतू मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रियाही पुष्कळदा गोळी चालू ठेवूनच करतात. वातरक्ताने अंगठा लाल होऊन फुगला, तर त्यावर वेगळी औषधे आहेत. तीही आयएनआरवर नजर ठेवून द्यावी लागतात.

आता गावात चालणाऱ्या काही प्रथांविषयी. दुखणे लवकर थांबावे म्हणून कमरेखाली सुई टोचून घेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या स्नायूत अशा सुईने रक्त साचून मोठी गाठ होऊ शकते. अपवाद एकच. संधिज्वर पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टर जी पेनिसिलीनची सुई ठरावीक दिवसांनी देतात, ती आपल्या मनाने थांबवू नये. ती कशी द्यावयाची ते डॉक्टर ठरवितात. हाडवैद्याकडून सांधा ओढून घेणे, जोराची मालिश, तुंबड्या, जळवा आणि डाग देणे, हे सर्व अशा रुग्णास वर्ज्य समजावे. नाव नसलेल्या पुड्यांत काय मिसळले आहे, ते देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. लसूण, हळद, आले, मेथी रोजच्या जेवणात असतात तेवढी असू द्यावीत. त्यांचे अर्क आणि कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पालेभाजी सोडू नये, फक्त ती आठवडाभर सारख्या प्रमाणात खावी.

धार जिल्ह्यातील मंडळींना आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. येथील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उपायच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे मानक आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मान, पाठ आणि सांधे ताठरतात. तेथे कितीही वेदनाशामके घेतली तरी मूळ कारण जात नाही. पिण्याचे पाणीच बदलले पाहिजे. गावातील पुष्कळांचे सांधे एकाच प्रकारे ताठरत असतील तर आधी विहीर व हातपंप यांचे पाणी तपासून घ्यावे.

काही लक्षणे दिसताच उशीर करू नये. काळे शौच, लघवीत रक्त, न थांबणारा नाकाचा किंवा हिरड्यांचा रक्तस्राव, एकाएकी फुगून कडक झालेला सांधा, तापासह लाल व गरम झालेला सांधा, हातात ताण येऊन बोटे बधिर होणे, अचानक तीव्र डोकेदुखी, ही ती लक्षणे होत. डोक्याला मार लागला आणि माणूस वरून ठीक दिसला, तरी त्यास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे. तेथून गरज पडल्यास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नेता येते.

शेवटी प्रत्येकाच्या वाट्याचे काम सांगतो. रुग्णाने आपल्या औषधाचे नाव, मात्रा, कारण आणि शेवटचा आयएनआर लिहिलेले कार्ड सदैव खिशात ठेवावे व प्रत्येक दुकानात, प्रत्येक दवाखान्यात ते आधी दाखवावे. शिक्षकांनी घसा येऊन सांधे सुजलेल्या विद्यार्थ्याला वेळीच दवाखान्यात पाठवावे. त्या एका कृतीने पुढची झडप, पुढची गोळी आणि आज सांगितलेला सगळा धोका टळू शकतो. अधिकाऱ्यांनी आयएनआर तपासणी रुग्णाच्या घराजवळ होईल आणि तिचा उतारा असणारे व्हिटॅमिन के रुग्णालयात हाताशी राहील, याकडे लक्ष पुरवावे. औषधविक्रेत्यांनी वेदनाशामक देण्यापूर्वी एवढेच विचारावे, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

हा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही आणि तो कोणीही कोणाला विचारू शकतो. घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात आजच एकदा डोकवा. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि वेदनाशामक गोळी एकाच डब्यात आढळली, तर वेदनाशामक बाजूला काढा आणि उद्या डॉक्टरांना भेटा. इतके केलेत तरी आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.