औषधाचे पारडे आणि दुखण्याचे पारडे



बोहाड्याच्या सोंगांचे हे दिवस. अशा वेळी दुखण्याचा आणि औषधाचा विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे राहिलो, याची प्रथम क्षमा मागतो. आम्ही डॉक्टर नव्हे. जन्मभर शाळेत खडू झिजवलेला माणूस. परंतु आमच्या थोरल्या बहिणीच्या आजारपणाने आम्हांस जे शिकविले, ते आपणांस सांगण्याजोगे वाटते.

तिला आमवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो हा नव्हे. शरीराचे रक्षण करणारी फौजच घरावर उलटते आणि सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, असा हा विकार. पुरुषांपेक्षा बायकांस तो दुपटीतिपटीने अधिक. माधवकराने आपल्या निदानग्रंथात वर्णिलेला आमवात याच्याशी पुष्कळसा जुळतो, म्हणजे दुखणे नवे नाही. आवणीच्या दिवसांत सबंध खाचर लावणारी आमची अक्का; तिला सकाळी दोन तास मूठ मिटता येईना आणि लुगडे पिळता येईना.

आता औषधांकडे वळू. 1948 साली अमेरिकेत हेंच या डॉक्टरांनी कॉर्टिझोन टोचले, आणि अंथरुणाला खिळलेले रोगी चालू लागले. 1950 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण लवकरच ध्यानात आले, की हे औषध मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आजही बाजारात बिननावाच्या ‘झाडपाल्याच्या’ पुड्या मिळतात. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या अशा पुड्यांत पुष्कळदा हेच स्टेरॉइड सापडलेले आहे. ज्या औषधाचे दुष्परिणाम कोणी सांगतच नाही, त्याला दुष्परिणाम नाहीत असे समजू नये.

पुढे मेथोट्रेक्सेट आले. ज्या संशोधनातून ते निघाले, त्यात आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा हात होता. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्या अक्काने बाजाराचा दिवस धरला, त्यामुळे तिची चूक कधी झाली नाही. सोबत फॉलिक ॲसिड, यकृताची आणि रक्ताची ठरल्या वेळी तपासणी, दारू वर्ज्य, आणि मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये. एवढे सांभाळले तर पुष्कळांना ही गोळी पुरते. अक्काला पुरली नाही.

तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी नव्या गोळीचे नाव काढले : टोफासिटिनिब. डब्यातला कागद भाच्याने वाचून दाखविला, आणि घरात सभाच भरली. ‘हृदयविकार’ आणि ‘कर्करोग’ हे दोन शब्द ऐकल्यावर कोण शांत बसणार?

परंतु शब्दांपुढे आकडे मांडून पाहावे. पन्नाशी उलटलेल्या आणि हृदयविकाराचे आणखी एखादे कारण असलेल्या सुमारे 4,300 आमवाताच्या रोग्यांवर झालेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. सुमारे चार वर्षांत हृदयाचा झटका, पक्षाघात किंवा तसल्या कारणाने मृत्यू, हे जुन्या प्रकारची इंजेक्शने घेणाऱ्या हजारांत 25 जणांस, तर ही गोळी घेणाऱ्या हजारांत 34 जणांस झाले. कर्करोग 29 आणि 42. हजारामागे नऊ आणि तेरा माणसे अधिक, ही काही थोडकी गोष्ट नव्हे. पण कागद ऐकून आम्ही जे कल्पिले होते, तेही हे नव्हे. शिवाय ही गोळी घेणाऱ्याला नागीण अधिक उठते, आणि शरीरात दडलेला क्षय जागा होण्याचे भय इंजेक्शन आणि गोळी दोहोंत असते. म्हणून आधी क्षयाची आणि काविळीच्या विषाणूची तपासणी हवीच.

अक्काला रक्तदाब आहे, म्हणजे ती नेमकी त्या अभ्यासातल्यांपैकीच. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “घेऊन काय होईल ते सांगितलंत. न घेऊन काय होईल, ते कोण सांगणार?”

आमच्या शाळामास्तरी हिशेबात हे दुसरे पारडे आलेच नव्हते! डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांधे कायमचे वाकडे होतील. आणि हा आमवात आटोक्यात नसेल तर तोच हृदयाला धोका वाढवितो. म्हणजे ‘काही न घेणे’ हे पारडेही रिकामे नव्हते. अशा रोग्याला आधी इंजेक्शन देणे बरे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पण ते थंड ठेवावे लागते, आणि आमच्या पाड्यावर पावसाळ्यात वीज गेली की केव्हा येईल याचा नेम नाही. शेवटी अक्काने गोळी निवडली. रक्तदाब आधी ताळ्यावर आणायचा, ठरल्या वेळी रक्त तपासायचे, आणि सहा महिन्यांत गुण नाही तर बंद करायचे, या करारावर.

चौथ्या महिन्यात तिला नागीण उठलीच. पण कागद वाचलेला होता. आम्ही कोणाकडे उतारा मागायला न जाता दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. गोळी काही दिवस थांबली, नागीण बरी झाली, पुन्हा सुरू झाली. यंदा अक्का आपले लुगडे आपण पिळते. तिचा निर्णय बरोबर ठरला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. चार वर्षे अजून व्हायची आहेत. आणि तिचा निर्णय तो आपला नव्हे. वयाची पासष्टी उलटलेल्याने, विडी ओढणाऱ्याने, झटका येऊन गेलेल्याने कदाचित उलट निवड करावी.

आमचे मागणे एवढेच. डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन प्रश्न न लाजता विचारा : घेतल्यास काय, न घेतल्यास काय, आणि कोणती खूण दिसताच धावत यायचे? तागडी घरातली असो की बाजारातली, दोन्ही पारडी पाहिल्यावाचून वजन कळत नाही.