परवाना आणि माल

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

मी आधी बातमीदार होतो, आता ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो. ‘खरं सोडून खोट्याकडे का वळलात?’ असं लोक विचारतात. त्याचं उत्तर आपल्या या पुसेगावापासून जवळच, हिंगोलीच्या बाजारात आहे.

साल १८३० च्या आसपासचं. हिंगोलीत निजामाच्या फौजेची छावणी होती. तिथं हरिसिंग नावाचा एक कापडव्यापारी राहायचा. अब्रूदार, साहेबलोकांच्या ओळखीचा. मुंबईहून कापड येणार आहे म्हणून त्यानं परवाना मागितला, तो मिळाला. कापड आलं, छावणीत राजरोस विकलं गेलं. हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता, हे मागाहून कळलं. माल दुसऱ्याच व्यापाऱ्याचा होता. त्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारून हरिसिंगानं तो त्या परवान्यावर आणला होता. परवाना खरा, माल खुनाचा!

ही हकिकत फिलिप मेडोज टेलरनं १८३९ साली आपल्या ठगावरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली. टेलर निजामाच्या नोकरीतला अधिकारी. १८४० ते १८५३ तो लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदारही होता. १८६० मध्ये निवृत्त झाल्यावर तो पुन्हा कादंबरीकडे वळला. १६५७, १७५७ आणि १८५७ या तीन काळांवर त्यानं तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीची नायिका, तारा, आपल्या तुळजापूरची. त्याच्याच टिपूवरच्या कादंबरीच्या आधारानं हरिभाऊ आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. हरिभाऊसुद्धा पत्रकार, ‘करमणूक’ साप्ताहिकाचे संपादक. त्यांना बी.ए. होता आलं नाही, हे आजच्या दिवशी हळूच सांगतो.

बातमीदाराला परवान्यावरची तारीख मिळते. वाटेत मेलेल्या त्या व्यापाऱ्याच्या घरी दिवेलागणीला कोण दारात उभं होतं, हे परवान्यावर नसतं. कादंबरी तिथून सुरू होते. मात्र सन आणि वाट बदलायची मुभा तिलाही नाही. टेलरही मी डोळे झाकून वाचत नाही. त्यानं आधाराला घेतलेल्या ठगांच्या जबान्या कैदेत, साहेबापुढे झालेल्या होत्या. कोण बोलतंय आणि कुणासमोर, हे विचारायची खोड बातमीदारीनं लावली. ती सुटू नये.

तुमच्या हाती आज विद्यापीठाचा कागद आहे. तो खरा आहे; त्यावर जाणारा मालही तुमचाच असू द्या. तो शोधायला लांब जायला नको. घरात निजामाच्या राज्यातले १९४८ चे दिवस, रझाकार आणि पोलीस ॲक्शन आठवणारं एखादं माणूस अजून असेल. आज घरी गेलात की आधी त्यांच्या पाया पडा, मग त्यांच्याजवळ बसा. बसताना वही घेऊन बसा.